घरचा डेस्कटॉप बिघडल्यावर काय, कोणत्या क्रमाने तपासावे

एप्रिलच्या अखेरीस बेळगाववर वळवाचे ढग जमू लागले की पहिल्या कडकडाटानंतर दोन-तीन दिवसांत ओळखीच्या घरांतून निरोप येऊ लागतात, संगणक सुरूच होत नाही. पुढे मृगाचा पाऊस खानापूरच्या बाजूने धरला की तक्रार बदलते. पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडद्यावर काहीच येत नाही. नातेवाइकांचे आणि गल्लीतल्या लोकांचे संगणक मी बरीच वर्षे पाहत आलो आहे, आणि माझे मत असे झाले आहे की आपल्या भागातल्या बहुतेक बिघाडांचे मूळ यंत्रात नसून यंत्राभोवती, म्हणजे विजेत, दमटपणात आणि धुळीत असते. त्यामुळे तपासणी नेहमी बाहेरून आत करावी. आधी भिंतीतला करंट, मग केबल, मग धूळ आणि उष्णता, मग आतले सुटे भाग, आणि सगळ्यात शेवटी विंडोज. दुकानात मात्र बऱ्याचदा हा क्रम उलटा होतो आणि पहिल्याच दिवशी फॉरमॅट, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणे, सुचवला जातो. त्यात घरातले वीस वर्षांचे फोटो जातात आणि मूळ दोष जिथल्या तिथे राहतो.

तपासणीला बसण्यापूर्वी एक वही घ्यावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, ती वहीत लिहावी आणि मगच संगणक पुन्हा सुरू करून पाहावा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र चालू झाले, तर नेमके कशाने चालू झाले हे कळत नाही, आणि महिन्याभराने तोच बिघाड पुन्हा आला की आपण पुन्हा पहिल्या पायरीवर असतो.

संगणक अजिबात सुरू होत नाही

ज्या सॉकेटला संगणक जोडला आहे त्यात करंट आहे का, हे आधी पाहावे. पुष्कळ जण त्यासाठी मोबाइलचा चार्जर लावून बघतात, पण ही खात्री पुरेशी नसते, कारण मोबाइलचे चार्जर साधारण १०० ते २४० व्होल्टपर्यंत कुठेही चालतात. घरात २३० ऐवजी १५० व्होल्टच येत असले तरी मोबाइल निमूट चार्ज होतो आणि संगणक मात्र सुरू होत नाही. साधा पिवळा बल्ब असलेला टेबल लॅम्प लावावा. बल्ब मिणमिणला तर दाब कमी आहे हे डोळ्यांना लगेच दिसते. शेजारी पिठाची गिरणी किंवा पाण्याची मोटर सुरू झाली की तेवढ्यापुरता संगणक बंद पडत असेल, तर दोष संगणकात शोधण्यात वेळ घालवू नये.

सॉकेट ठीक असेल तर मधला यूपीएस बाजूला करून संगणक थेट भिंतीला जोडून पाहावा. घरगुती ६०० व्हीए यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची एकच बॅटरी असते आणि दोन-तीन वर्षांत तिची ताकद संपते. लाइट जाताच यूपीएस एकदा ओरडून त्याच क्षणी संगणकासह बंद होत असेल तर बॅटरी बदलावी. ती वेगळी विकत मिळते, त्यासाठी नवा यूपीएस घेण्याची गरज नसते. लेझर प्रिंटर मात्र कधीही यूपीएसच्या बॅटरीवरच्या सॉकेटला जोडू नये, कारण आतला रोलर तापवताना तो एकदम मोठा करंट ओढतो.

त्यानंतर कॅबिनेटच्या, म्हणजे संगणकाच्या मुख्य डब्याच्या मागे, जिथे पॉवर केबल शिरते तिथला छोटा स्विच पाहावा. त्यावर एका बाजूला उभी रेघ आणि दुसऱ्या बाजूला गोल असतो. रेघेची बाजू आत दाबलेली असली पाहिजे. झाडलोट करताना हा स्विच नकळत दाबला जातो. तोही ठीक असेल तर पॉवर केबल पूर्ण काढावी, समोरचे सुरू करण्याचे बटण वीस सेकंद दाबून धरावे, आत साठलेला विद्युतभार त्यामुळे उतरतो, आणि मग केबल घट्ट बसवून पुन्हा प्रयत्न करावा. दाब वर-खाली झाल्यावर अडकून बसलेली कित्येक यंत्रे एवढ्यावर चालू होतात. एवढे करूनही पंखा हललाच नाही, तर एसएमपीएस म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा गेल्याची शक्यता मोठी असते. तो डबा घरी उघडू नये. केबल काढल्यानंतरही त्यातल्या कपॅसिटरांत काही काळ ३०० व्होल्टच्या आसपास भार शिल्लक असू शकतो, आणि तो प्राणघातक असतो. दुसऱ्या संगणकाचा चालू एसएमपीएस लावून पाहणे हीच खरी परीक्षा आहे.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिणी

या तक्रारीकडे लोक दुर्लक्ष करतात, म्हणून तिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून कॅबिनेटच्या पत्र्यापर्यंत एकेक लहान कपॅसिटर जोडलेला असतो. अर्थिंग ठीक असेल तर त्यातून येणारा अगदी क्षीण करंट जमिनीत निघून जातो. अर्थिंग नसेल तर पत्रा अधांतरी राहतो आणि त्यावर निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपासचा दाब दिसू लागतो. करंट एक मिलिअँपिअरपेक्षाही कमी असल्याने झटका बसत नाही, केवळ मुंग्या आल्यासारखे वाटते, आणि अनवाणी पायांनी ओल्या फरशीवर उभे असताना ते जास्त जाणवते.

खानापूर तालुक्यातल्या जांभ्याच्या कौलारू घरांत मी हे अनेकदा पाहिले आहे. भिंतीत तीन भोकांचे सॉकेट नवे बसवलेले असते, पण वरच्या मोठ्या भोकामागे तारच नसते. एका घरी सोप्यातल्या टेबलावर संगणक होता आणि घरातल्या आजींनी त्याखाली लाकडी पाट ठेवला होता, कारण शाळेला जाणारा नातू 'मशीन चावते' म्हणत असे. पाटाने मुलाचे रक्षण होत नाही. उद्या एसएमपीएसमध्ये खरा दोष निर्माण होऊन फेज पत्र्याला टेकली, तर फ्यूज उडवायला जमिनीकडे जाणारी वाटच नसते आणि पूर्ण २३० व्होल्ट पत्र्यावर उभे राहतात. झिणझिणी जाणवली की त्याच दिवशी वायरमनला बोलवावे आणि फेज ते अर्थ, तसेच न्यूट्रल ते अर्थ असा दाब मीटरने मोजून घ्यावा. पहिला आकडा २३० च्या जवळ आणि दुसरा अगदी दोन-तीन व्होल्टांचा असला पाहिजे. अर्थिंगचा खड्डा असूनही आकडे चुकत असतील तर तो कोरडा पडलेला असू शकतो. मार्च-एप्रिलमध्ये माती वाळली की तिचा विद्युतरोध वाढतो, म्हणून उन्हाळ्यात खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी घालण्याची जुनी पद्धत शास्त्राला धरून आहे.

वळवाच्या विजांविषयीही इथेच सांगणे बरे. ढग गडगडू लागले की स्विच बंद करणे पुरेसे नसते. पिन सॉकेटमधून काढली पाहिजे. शिवाय राउटरपासून संगणकापर्यंत येणारी लॅन केबलही काढावी. फायबरची काचेची तार वीज वाहून नेत नाही, पण राउटरचा अडॅप्टर विजेवरच चालतो आणि लॅन केबल तांब्याची असते, त्यामुळे दाबाचा लोंढा त्या वाटेने मदरबोर्डपर्यंत, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटपर्यंत पोहोचतो. पॉवर केबल काढूनही लॅन पोर्ट जळाल्याची जी उदाहरणे दिसतात, त्यांचे कारण बहुधा हेच असते.

पंखा फिरतो, पण पडदा काळा

या ठिकाणी कीबोर्डवरचे कॅप्स लॉक बटण दाबून पाहावे. दिवा लागत आणि विझत असेल तर संगणक आतून चालू आहे, दोष मॉनिटरचा किंवा त्याच्या केबलचा आहे. केबलची दोन्ही टोके काढून पुन्हा बसवावीत. यंत्रात वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल त्या कार्डालाच जोडलेली हवी, मदरबोर्डच्या पोर्टला नव्हे. साफसफाईनंतर ही चूक हमखास होते.

कॅप्स लॉकचा दिवा बटण दाबूनही बदलत नसेल तर रॅमकडे, म्हणजे चालू कामाची माहिती तात्पुरती ठेवणाऱ्या मेमरीच्या पट्टीकडे वळावे. पावसाळ्याच्या दमट हवेत रॅमच्या पट्टीवरच्या सोनेरी दातांवर आणि खाचेत सूक्ष्म थर बसतो आणि संपर्क तुटतो. केबल काढून कॅबिनेटची बाजूची झाकणी उघडावी. आत हात घालण्यापूर्वी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला एकदा स्पर्श करावा, म्हणजे अंगावरचा स्थिर विद्युतभार उतरतो. जुलैच्या ओल्या हवेत हा धोका कमी असतो, पण डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत अंगात ॲक्रिलिकचा स्वेटर असेल तर ही खबरदारी अवश्य घ्यावी. रॅमच्या दोन्ही टोकांच्या खिट्ट्या मागे सारून पट्टी सरळ वर उचलावी, कॅबिनेटपासून लांब, कागदावर धरावी आणि शाळेतल्या पांढऱ्या खोडरबराने सोनेरी दात दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने पुसावेत. घासताना दिशा मधून कडेकडे ठेवावी. खोडरबराचा चुरा मऊ ब्रशने झाडून टाकावा, कारण तोच खाचेत गेला तर नवा दोष तयार होतो. पट्टी परत बसवताना तिची खाच आणि सॉकेटमधला उंचवटा जुळवून दोन्ही टोकांना सारखा दाब द्यावा. खिट्टी 'टक' असा आवाज करून स्वतः बंद झाली पाहिजे. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी.

सुरू होताना बीप ऐकू येत असेल तर ते मोजून वहीत लिहावेत. त्यांचा अर्थ प्रत्येक मदरबोर्डनुसार बदलतो, तो पुस्तिकेत दिलेला असतो; पण थांबून थांबून येणारा लांब बीप बहुधा रॅमचाच निघतो.

याच्याशीच संबंधित एक लहानसा, पण फसवा दोष आहे. संगणक सुरू होतो, मात्र दर वेळी तारीख काही वर्षे मागे गेलेली असते आणि बँकेची किंवा सरकारी संकेतस्थळे 'सुरक्षित नाही' असा इशारा देऊन उघडतच नाहीत. लोकांना वाटते व्हायरस आला. वास्तविक मदरबोर्डवरची सीआर २०३२ ही नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी संपलेली असते, आणि संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांना मुदत असल्यामुळे चुकीच्या तारखेला ती अवैध ठरतात. घड्याळाच्या दुकानातही मिळणारी ही बॅटरी बदलली आणि तारीख नीट लावली की काम संपते.

मध्येच बंद पडणे

काही वर्षांपूर्वी वडगावातल्या एका विणकराच्या घरून मला बोलावणे आले. संगणक सुरू केल्यावर दहा-बारा मिनिटांत आपोआप बंद होई आणि लगेच सुरू केला तर दोन मिनिटांतच पुन्हा बंद होई. दोनदा फॉरमॅट करून झाला होता. भिंतीपलीकडे यंत्रमाग चालू होते. कॅबिनेट उघडले तेव्हा प्रोसेसरवरच्या पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पात्यांवर करड्या रंगाची, बोटाएवढ्या जाडीची, जवळजवळ घोंगडीसारखी घट्ट गादी बसलेली होती. सुताचा तंतू आणि धूळ एकमेकांत गुंतून ती तयार झाली होती. चिमट्याने धरून ओढली तर ती अखंड निघून आली. त्यानंतर ते यंत्र दिवसभर चालले.

प्रोसेसर शंभर अंश सेल्सियसच्या जवळ पोहोचला की स्वतःला वाचवण्यासाठी आधी मंद होतो आणि तरीही उष्णता कमी झाली नाही तर यंत्र बंद करतो. थंड यंत्र थोडा वेळ चालते आणि गरम यंत्र लवकर थांबते, ही उष्णतेच्या दोषाची खूण आहे. शहापूर, वडगाव, खासबाग या विणकरांच्या वस्त्यांत सुताचा तंतू, उद्यमबागेकडे फाउंड्रीची बारीक काळी धूळ आणि निपाणीकडे तंबाखूची भुकटी, असा फरक असला तरी उपाय एकच आहे. दर सहा महिन्यांनी, आणि माग शेजारी असेल तर दर दोन महिन्यांनी, कॅबिनेट अंगणात नेऊन रंगाच्या कोरड्या मऊ ब्रशने आणि ब्लोअरने साफ करावे. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते वाऱ्याने भन्नाट फिरून त्याच्या बेअरिंगला इजा होते. ओले फडके वापरू नये. प्रोसेसरवरचा पंखा सोडवलाच, तर प्रोसेसरची उष्णता वरच्या धातूकडे नेणारी जुनी, वाळलेली थर्मल पेस्ट पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट मध्यभागी ठेवावी. जास्त घातल्याने थंडावा वाढत नाही.

कॅबिनेट जमिनीवर ठेवू नये, वीतभर उंच लाकडी चौरंगावर ठेवावे, आणि मागच्या बाजूला भिंतीपासून तितकेच अंतर सोडावे. पावसाळ्यात आठवडे न आठवडे संगणक बंद ठेवण्यापेक्षा चार दिवसांनी एकदा तासभर चालवावा. त्याच्याच उबेने आतला ओलावा जातो. कौलांतून गळून पाणी शिरले असेल तर मात्र बटणाला हात न लावता दोन-तीन दिवस पंख्याखाली उघडा वाळवावा.

मंद झालेला संगणक

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात डिस्कच्या रकान्यात काहीही न करता शंभर टक्के दिसत असेल, तर जुनी फिरती हार्ड डिस्क हेच बहुतेक वेळा कारण असते. ती काढून २५० जीबीच्या आसपासची एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क लावली तर आठ-दहा वर्षे जुने यंत्रही पुन्हा कामाचे होते; घरगुती वापरासाठी यापेक्षा परिणामकारक दुसरा खर्च मला माहीत नाही. मेमरीचा रकाना भरलेला असेल तर रॅम वाढवावी आणि त्याच खिडकीतल्या स्टार्टअपच्या यादीतून नको असलेले प्रोग्राम बंद करावेत.

हार्ड डिस्कमधून 'टक्-टक्' असा ठरावीक आवाज येत असेल तर मात्र दुसरे काहीही करू नये. दुरुस्तीचा प्रोग्रामही चालवू नये, कारण तो संपूर्ण डिस्क वाचत बसतो आणि मरणाऱ्या डिस्कचे उरलेले तास त्यातच संपतात. आधी फोटो, मुलांची प्रमाणपत्रे, हिशेब दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावेत, सर्वांत मौल्यवान ते सर्वांत आधी.

विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि किमान ४ जीबी रॅम लागते, त्यामुळे पुष्कळ जुनी यंत्रे त्यात बसत नाहीत. अशा यंत्रावर लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली चांगली चालते. नवा संगणक घेण्याआधी तो पर्याय पाहावा असे मी आवर्जून सांगेन.

मराठी आणि कानडी अक्षरे बिघडणे

ही अडचण पुण्या-मुंबईच्या माणसाला क्वचित येते, पण आपल्याकडे रोजची आहे, कारण आपल्या घरात लग्नपत्रिका मराठीत असते, शेताचा पहाणी उतारा कानडीत असतो आणि बँकेचा अर्ज इंग्रजीत असतो. फाइल उघडल्यावर काय दिसते त्यावरून कारण ठरते. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत असतील तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या पद्धतीत आहे आणि त्या लिपीचा फाँट यंत्रात नाही. सेटिंग्जमध्ये भाषांच्या यादीत मराठी आणि कन्नड या दोन्ही जोडल्या की चौकोन जातात. याउलट इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम आणि कंस यांचा अर्थहीन गोंधळ दिसत असेल, तर मजकूर जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेला आहे. मराठीत श्री-लिपी, शिवाजी किंवा कृतिदेव, आणि कानडीत नुडी यांचे जुने फाँट प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांच्याच जागी देशी अक्षरांची चित्रे दाखवतात. फाँट गेला की चित्र जाते आणि खालचे इंग्रजी उघडे पडते. मजकूर खराब झालेला नसतो. तोच फाँट बसवावा, किंवा त्या फाँटसाठी असलेल्या परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये आणावा, आणि इथून पुढे युनिकोडमध्येच टाइप करावे. कळफलक बदलण्यासाठी विंडोजचे बटण आणि स्पेस एकत्र दाबावे.

म्हणूनच फॉरमॅट करण्याची वेळ खरोखर आलीच, तर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स यांच्याबरोबर विंडोजमधला फाँट्सचा फोल्डरही उतरवून घ्यावा. गावातल्या मंडळाची दहा वर्षांची इतिवृत्ते डिस्कवर सुखरूप असूनही, फाँटचे नाव कुणालाच आठवत नसल्याने वाचता येत नव्हती, असे मी पाहिले आहे.

पडद्यावरचा खोटा इशारा

'तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या क्रमांकावर फोन करा' असा पूर्ण पडदाभर इशारा येऊन भोंगा वाजू लागला, तर तो खोटा असतो. विंडोज कधीही फोन नंबर देत नाही. टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद करावा. कुणी फोन करून पैसे दिले असतील तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवावे. जितके लवकर कळवावे तितकी रक्कम गोठवण्याची शक्यता जास्त असते.

दुकानात नेताना

इतके करूनही यंत्र चालले नाही तर दुरुस्तीला न्यावे, पण वही बरोबर न्यावी. 'चालत नाही' असे न सांगता काय काय करून पाहिले आणि प्रत्येक वेळी काय झाले ते वाचून दाखवावे; चांगला कारागीर त्यावरूनच अर्धे निदान करतो. रॅम किती जीबीची आहे, डिस्कवरचा अनुक्रमांक काय आहे, हे मोबाइलवर फोटो काढून ठेवावे. फॉरमॅट आपल्याला विचारल्याशिवाय करू नये असे पावतीवरच लिहून घ्यावे आणि बदललेला जुना भाग परत मागावा. यंत्र घरी आणण्याआधी दुकानातच सुरू करून टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा आकडा आपल्या फोटोशी जुळवून पाहावा, आणि घरी आल्यावर दुरुस्तीची तारीख व बदललेल्या भागाचे नाव एका कागदावर लिहून तो कॅबिनेटच्या झाकणीच्या आतल्या बाजूला चिकटवावा.